शब्द संपतो, उच्चार पुढे जातो

(दृश्य : फळ्यावर खडूने दोन फ्रेंच शब्द लिहिले जात आहेत.)

'ले' आणि 'आमी'. अर्थ, मित्रमंडळी. 'ले'च्या शेवटी एक 'एस' लिहिलेला आहे, पण एरवी तो मुका. पुढे 'आमी' आलं की तोच 'एस' झाडातला 'झ' होतो आणि पुढच्या शब्दात जाऊन बसतो. ऐका : ले-झा-मी.

फ्रेंच बोलण्यात अक्षराचा ओढा स्वरावर संपण्याकडे असतो. शेवटी व्यंजन उरलं आणि पुढे स्वर आला, की ते त्या स्वराला चिकटतं. 'आव्हेक' म्हणजे सोबत, 'एल' म्हणजे ती. 'तिच्यासोबत' म्हणायचं तर आ-व्हे-केल. नवशिक्याची तारांबळ उडते ती इथेच. तो शब्द शोधत राहतो, बोलणारा अक्षरं ओवत पुढे गेलेला असतो.

प्रियकर आणि प्रेयसी यांचे फ्रेंच शब्द लिहायला वेगळे, कानाला मात्र दोन्ही प-ती-ता-मी. एकात मुका 'टी' पुढच्या स्वरामुळे जागा होतो, दुसऱ्यात तो आधीपासूनच बोलका. कोणाबद्दल चाललंय, ते आधीच्या 'माझा'-'माझी'वरून ओळखायचं.

आणि हे माझं सगळ्यात लाडकं उदाहरण. 'ले एरो' म्हणजे नायक. इथे जोड चालत नाही. जोडलं तर 'ले झेरो' होईल, म्हणजे नायकांची शून्यं! 'एरो'च्या सुरुवातीचा 'एच' कुणीच उच्चारत नाही, तरी तो दारात उभा राहून 'एस'ला अडवतो. नायिकेच्या दारात मात्र अडवणूक नाही : ले-झे-रो-ईन. हे कानानेच पाठ करावं लागतं.

(दृश्य : रंगमंचाचा लाल पडदा.)

राहिला मुका 'ए', म्हणजे इंग्रजीत ज्याला 'ई' म्हणतात ते अक्षर; उच्चारलाच तर 'अ'सारखा. शनिवारला पॅरिसमध्ये म्हणतात साम-दी. दक्षिणेला मार्सेयमध्ये सा-म-दी, मधला 'अ' सुटा, स्पष्ट. आपणही 'घर' बोलताना शेवटचा 'अ' सोडतो, पण अभंगाच्या चरणात अक्षरं मोजताना 'र' पूर्ण धरतो. कोर्नेय आणि रासीन या फ्रेंच नाटककारांच्या 17व्या शतकातल्या नाटकांत ओळ 12 अक्षरांची. ओळीच्या आत मुक्या 'ए'पुढे व्यंजन आलं तर तो मोजायचा, स्वर आला तर गिळायचा. 1680 मध्ये स्थापन झालेल्या कोमेदी-फ्राँसेझच्या रंगमंचावर ही नाटकं आजही होतात. तिथे ओळीची 12 अक्षरं भरायला नट तो 'अ' जपून उच्चारतो, आणि प्रयोग संपवून रस्त्यावर आला की पुन्हा साम-दी म्हणतो.