टीबीची तासाभराची तपासणी: डबीपासून निकालापर्यंत

नमस्कार मंडळी. मेळघाट, अक्कलकुवा-धडगाव, भामरागड, रायगड-पालघरच्या कातकरी वाड्या, जिथे जिथे हा आवाज पोचतोय तिथल्या आशाताईंशी आणि घरात कुणी खोकत असेल त्या प्रत्येकाशी आज बोलायचं आहे. विषय आहे टीबीची झटपट तपासणी, ट्रूनॅट.

बेडका काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची पद्धत जुनी. पण त्यात जंतू नजरेला पडायला एका मिलिलिटरमध्ये साधारण ५,००० ते १०,००० जंतू असावे लागतात. तेवढे वाढेपर्यंत माणूस घरभर आजार वाटत राहतो. ट्रूनॅट जंतूचा डीएनए शोधतं. त्याला शंभरेक जंतूही पुरतात. गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं हे यंत्र, २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला मान्यता दिली. ते बॅटरीवर चालतं, एसीची खोली मागत नाही. लाईट जाते-येते अशा आरोग्य केंद्रात ते टिकतं ते यामुळेच.

एवढं असूनही निदान अडतं, आणि बहुतेक वेळा ते बेडका गोळा करायच्या डबीपाशी अडतं. डबीत लाळ येते, बेडका येत नाही. लाळेत जंतू फारसे नसतात, मग यंत्र प्रामाणिकपणे सांगतं ‘टीबी नाही’, आणि आजारी माणूस निर्धास्त होऊन घरी जातो. या चुकीइतकी घातक दुसरी कुठली नाही.

म्हणून ताई, डबी नुसती हातात देऊन निघू नका. सकाळी उठल्यावर, चहा-भाकरीच्या आधी, साध्या पाण्यानं दोनतीनदा चूळ भरायला सांगा. मिश्री लावली असेल, तंबाखू खाल्ली असेल तर जास्तच. तोंडातले कण नमुन्यात गेले की तपासणी बिघडू शकते. मग अंगणात, मोकळ्या हवेत, माणसांपासून लांब. खोल श्वास घ्यायचा, क्षणभर रोखायचा, सोडायचा. असं दोनतीनदा झालं की छातीतून जोरानं खोकायचं आणि बेडका थेट डबीत टाकायचा. तो घट्ट, पिवळसर किंवा पांढरट हवा. दोन ते पाच मिलिलिटर, म्हणजे चहाचा लहान चमचा अर्धा ते पूर्ण भरेल एवढा. पातळ, फेसाळ दिसला तर रागावू नका, पुन्हा प्रयत्न करायला लावा. खोकताना समोर उभं राहू नका.

नाव डबीच्या अंगावर लिहा, झाकणावर नको. झाकणं अदलाबदल होतात. एका पाड्यावर एकाच नावाच्या दोघी असतात, म्हणून नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, पाडा, तारीख हेही हवं. झाकण घट्ट लावा, डबी पिशवीत उभी ठेवा, बर्फाच्या पिशव्यांच्या डब्यातून त्याच दिवशी पाठवा. आठवडी बाजाराच्या जीपची वाट बघत डबी उन्हात पडून राहिली, तर नमुना खराब होतो.

आता टेक्निशियनसाठी. बेडक्यात तो द्रव करणाऱ्या बफरचे, म्हणजे द्रावणाचे, दोन थेंब टाकून हलवायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. घाई इथेच होते. बेडका पाण्यासारखा झाला नाही, तार धरत राहिला, तर कार्ट्रिजमध्ये, म्हणजे डीएनए वेगळा होतो त्या डब्यात, अडकतो आणि यंत्र ‘एरर’ दाखवतं. पातळ झाल्यावर अर्धा मिलिलिटर लायसिस बफरच्या, म्हणजे जंतू फोडणाऱ्या द्रावणाच्या, बाटलीत, त्यात द्रव करणाऱ्या बफरचे पुन्हा दोन थेंब, तीन मिनिटं थांबून सगळं कार्ट्रिजमध्ये. वीसेक मिनिटांत डीएनए वेगळा होतो. त्यातला सहा मायक्रोलिटर आधी मायक्रोट्यूबमध्ये, तिथून चिपवर, म्हणजे यंत्रात तपासणीसाठी घालायच्या छोट्या पट्टीवर. चिपवर बुडबुडा येऊ देऊ नका, आणि पावसाळ्यात चिपचं पाकीट आधीपासून फोडून ठेवू नका. ‘इनव्हॅलिड’, म्हणजे निकाल लागलाच नाही असं, आलं तर त्याचा अर्थ ‘टीबी नाही’ असा लावू नये, तपासणी पुन्हा करावी लागते.

टीबी निघाला तर त्याच डीएनएवर दुसरी चिप लावून रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का ते बघतात. यालाही आणखी तासभरच. जंतू फारच कमी असतील तर हा दुसरा निकाल अनिश्चित येऊ शकतो, तेव्हा नवा नमुना मागवा.

दोन गोष्टी नीट ऐका. मेलेल्या जंतूंचा डीएनएही यंत्र पकडतं. त्यामुळे पूर्वी उपचार झालेल्या माणसाचा निकाल डॉक्टरांनी जपून वाचायला हवा, आणि औषध चालू असताना सुधारणा बघायला ही तपासणी कामाची नाही, तिथे जुनी काचपट्टीच. दुसरं, लहान मुलांना बेडका काढता येत नाही, ती गिळतात. मूल खंगतंय, ताप जात नाही, घरात टीबीचा रुग्ण आहे, तर डबी रिकामी आली म्हणून थांबू नका. रुग्णालयात सकाळी उपाशीपोटी नळीनं पोटातलं पाणी काढून तपासता येतं. मोठ्या माणसाचाही निकाल ‘नाही’ आला, पण खोकला, ताप, वजन घटणं चालूच राहिलं, तर एक्स-रे काढायला पाठवाच.

आणि पाडा रिकामा होण्याआधी हे उरका. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, झडलेलं अंग, बेडक्यात रक्त, यातलं काहीही असेल त्यांची तपासणी निघण्याआधीच व्हायला हवी. तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे, पोषणासाठी दरमहा १,००० रुपये खात्यात येतात. भट्टीवर निघालेल्या रुग्णाकडे निक्षय क्रमांक, म्हणजे सरकारी टीबी नोंदणीतला त्याचा क्रमांक, लिहून द्या, भट्टीचं गाव आणि मुकादमाचा फोन तुमच्या वहीत घ्या. त्या क्रमांकावरून तिथल्या आरोग्य केंद्रात औषध पुढे चालू ठेवता येतं.