कोंब रविवारी उडी मारतो

(दृश्य : अमळनेर तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा. सहावीचा वर्ग. ऊन अडवायला खिडक्यांवर पोती.)

भिंतीवरच्या टीव्हीत चवळीचं बी फुगलंय, साल तडकलीय. नेमका तिथेच सरांनी व्हिडिओ थांबवला.

"सर, लावा ना!"

"आधी वहीत लिहा. पहिल्यांदा काय बाहेर येईल, मूळ की पान? लिहिलेलं खोडायचं नाही."

पेरणी या पोरांनी दरवर्षी पाहिलीय. पण मातीखाली डोकावलंय कोणी? निम्म्या वह्यांत पान आहे, निम्म्यांत मूळ. आता पैज लागलीय, त्यामुळे पुढची काही सेकंदं कोणी शेजाऱ्याला चिमटे काढत नाही.

(दृश्य : टीव्हीवर मूळ बाहेर पडतं. आरडाओरडा.)

व्हिडिओ मिळवणं आता अवघड राहिलेलं नाही. सरकारचं दीक्षा हे अभ्यासाचं ॲप २०१७ साली आलं, आणि पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड मोबाइलसमोर धरला की धड्याचा व्हिडिओ उघडतो. अवघड आहे तो त्याच्या पुढचा भाग. व्हिडिओ लावून द्यायचा आणि गुरुजींनी कोपऱ्यात बसून रजिस्टरं भरायची, असंही बऱ्याच ठिकाणी चालतं. ते लपवण्यात अर्थ नाही.

हे सर व्हिडिओ आदल्या रात्री घरीच पेनड्राइव्हवर घेतात, कारण वर्गात रेंज आणि लाईट, दोघांचाही भरवसा नाही. स्वतः एकदा पूर्ण बघतात. कुठे थांबायचं, काय विचारायचं, ते पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवतात. बारा मिनिटांचा व्हिडिओ असेल तर त्यातली चारच दाखवतात. एडएक्सवरच्या ऑनलाइन वर्गांत व्हिडिओ बघण्याच्या ६९ लाख नोंदी २०१४ साली तपासल्या गेल्या. व्हिडिओ कितीही लांब असो, निम्मे बघणारे सहा मिनिटांच्या आतच गळत होते. तेही आपणहून नाव नोंदवलेले विद्यार्थी. इथे तर मधल्या सुट्टीची घंटा व्हायची आहे.

दुसऱ्यांदा तोच तुकडा लागतो, पण आवाज बंद करून. आता निवेदन पोरांनी करायचं, घरच्या बोलीत. मागच्या बाकावरून कधी तोंड न उघडणारी मुलगी उठते : "मुय खाले जाई ऱ्हायनं!" वर्ग हसतो, सर हसत नाहीत. "बरोबर. खालीच का जातंय?"

(दृश्य : खिडकीत काचेचे दोन ग्लास. ओल्या कापसावर एकात चवळी, दुसऱ्यात दादर, म्हणजे इकडची ज्वारी.)

व्हिडिओत रोप दहा सेकंदांत उभं राहतं, आणि काही पोरांना ते खरंच वाटतं. मग सर गणित घालतात. दर तासाला एक फोटो, दहा दिवसांचे किती? २४०. सेकंदाला २४ फोटो पळवले तर? दहा सेकंद. फळ्यावर उत्तर आलं तशी फर्माईश झाली : सर, आपणबी करू.

मोबाइल सरांचा, तो दहा दिवस खिडकीत कसा राहणार? तोडगा पोरांनीच काढला. बाकावर खडूने चौकट आखली. परिपाठानंतर एक फोटो, शाळा सुटताना एक, मोबाइल नेमका चौकटीत. चवळीने आपल्या दोन्ही डाळी डोक्यावर घेऊन मान वर काढली. दादरीचं मात्र सुईसारखं एकच पान आलं. एकदल, द्विदल हे धड्यातले शब्द सरांनी त्यानंतर फळ्यावर लिहिले.

(दृश्य : मुलांचा व्हिडिओ. काही क्षणांचाच, थोडा हलणारा.)

मध्येच कोंब एकदम बोटभर उडी मारतो. शेजारच्या वर्गातली पोरं विचारतात, हे काय झालं? सहावीवाले तज्ज्ञासारखे सांगतात, तिथे रविवार आला होता. पुढच्या वेळी रविवारीही फोटो घ्यायचा, हे ठरलंय. शाळेची किल्ली कोण मागून आणणार, यावर अजून भांडण चालू आहे.