फाल्कनची यादी शेवटून वाचा

मंडळी, लेगोचा मोठा सेट बंद झाला की लोक हळहळतात. मला ते पूर्ण पटत नाही. बंद होतो तो खोका. आतले तुकडे सगळे बंद होत नाहीत, उलट बरेचसे पुढची कित्येक वर्षं दुसऱ्या खोक्यांतून बाहेर पडत राहतात. आज मी ज्या उद्योगाबद्दल बोलणार आहे, म्हणजे बंद झालेला सेट सुटे तुकडे गोळा करून पुन्हा बांधणं, तो उभाच आहे या एका गोष्टीवर.

उदाहरण म्हणून एकच यान घेतो, म्हणजे बोलणं भरकटणार नाही. 'स्टार वॉर्स'मधलं मिलेनियम फाल्कन. चपटं, पुढे दोन सुळे, आणि कॉकपिट एका कडेला. लेगोने २००७ साली त्याचा मोठा सेट काढला, क्रमांक १०१७९. तुकडे ५,१९५, लांबी साधारण ८४ सेंटिमीटर, अमेरिकेतली किंमत ५०० डॉलरला एक सेंट कमी. तेव्हा तुकड्यांच्या संख्येत लेगोचा तो सगळ्यांत मोठा सेट होता. पुढच्याच वर्षी त्याला मागे टाकलं ते आपल्या ताजमहालाने, ५,९२२ तुकड्यांच्या. काही वर्षांनी फाल्कनचं उत्पादन थांबलं आणि सीलबंद खोक्याचा भाव हजारो डॉलरांत गेला. मग ज्यांना खोका नको होता, यान हवं होतं, त्यांनी सरळ हिशेब मांडला. जोडणीचं पुस्तक लेगोच्या संकेतस्थळावर पीडीएफ रूपात फुकट मिळतं. कोणता तुकडा, कोणत्या रंगाचा, किती नग, ही यादीही जगभरच्या हौशी लोकांनी करून ठेवली आहे. राहिलं काय? तुकडे गोळा करणं.

ते मिळतात मुख्यतः ब्रिकलिंकवर. २००० साली डॅन जेझेक या तरुणाने ही बाजारपेठ सुरू केली; तेव्हा तिचं नाव ब्रिकबे होतं. २०१९ मध्ये खुद्द लेगोनेच ती विकत घेण्याचं जाहीर केलं. तिथे हजारो छोटे दुकानदार आहेत. ते नवे सेट घेतात, फोडतात आणि तुकडे सुटे विकतात. एक बाय दोन स्टडची (स्टड म्हणजे तुकड्यावरचा गोल उंचवटा) करडी प्लेट, म्हणजे चपटा तुकडा, काही सेंटांत मिळते, तीही हव्या तेवढ्या संख्येने. आपण आपली 'हवे आहेत' यादी चढवायची, ती कोणत्या दुकानांत किती भरते ते तिथेच दिसतं. शिवाय गेल्या सहा महिन्यांत कोणता तुकडा सरासरी काय भावाने गेला, तेही. म्हणजे दुकानदाराने तोंडाला येईल ती किंमत सांगितली तर लगेच कळतं.

आता मुद्द्यावर येतो. यादी हातात पडली की नवखा माणूस ती वरून खाली वाचतो. शंभर प्लेटा, दोनशे प्लेटा, घेऊन टाकू. स्वस्त आहेत, पटापट जमतात, काम पुढे सरकल्यासारखं वाटतं. माझं म्हणणं, यादी शेवटून वाचा. सगळ्यांत दुर्मीळ तुकडा आधी. लग्न ठरलं की आपण आधी कार्यालय बघतो, अक्षतांचे तांदूळ नंतर आणतो. कार्यालयाची तारीख मिळाली नाही तर तांदूळ घेऊन करायचं काय? इथेही तसंच. शिवाय दुर्मीळ तुकडे ज्या दुकानात सापडतात ते बहुधा मोठं दुकान असतं, आणि साध्या प्लेटा त्याच्याकडे ढिगाने असतात. त्याच पार्सलमध्ये त्या येतात. उलट्या क्रमाने गेलात तर प्लेटांसाठी एक टपालखर्च आणि अडलेल्या मोजक्या तुकड्यांसाठी आणखी सात दुकानांचे सात टपालखर्च. बजेट तुकड्यांवर कमी आणि टपालावर जास्त जातं ते असंच.

मग या यानात अडणारे तुकडे कोणते? मला सगळ्यांत गमतीचा वाटतो तो जहाजाच्या शिडाचा दोरखंड. म्हणजे प्लास्टिकची शिडीसारखी लांब जाळी, जी समुद्री चाच्यांच्या जहाजाच्या डोलकाठीला लावण्यासाठी बनली. फाल्कनच्या आरेखकांनी तीच करड्या रंगात घेतली आणि यंत्रांच्या खाचाखोचा दाखवायला वापरली. काळ्या किंवा तपकिरी रंगात ती सहज मिळते. करड्या रंगात हवी म्हटलं की विकणाऱ्याचा आवाज बदलतो. तुकडा तोच, साचा तोच, रंग फक्त वेगळा, आणि भाव कुठल्या कुठे. सुट्या भागांच्या या बाजारात किंमत ठरवतो तो आकार आणि रंग यांचा जोड. तो जोड किती सेटमध्ये आला होता, एवढाच प्रश्न. याखेरीज छापील नक्षीचे तुकडे, माहितीफलकाचा स्टिकर आणि पाच चिमुकली लेगो-माणसं, म्हणजे चित्रपटातली पात्रं: हान सोलो, च्यूबाका, ल्यूक, लेया आणि ओबी-वान. माणसांचा बाजार पूर्ण वेगळा आहे, कारण ती गोळा करणारे लोक वेगळे असतात आणि त्यांना यानाशी देणंघेणं नसतं. माझा सल्ला विचाराल तर माणसं शेवटी घ्या किंवा घेऊच नका. यान माणसांवाचून उभं राहतं.

रंगाचा विषय निघाला आहे तर त्यावर जरा थांबतो, कारण जुनी यानं पुन्हा बांधताना इथे घोटाळा होतो. २००४ च्या सुमारास लेगोने आपले दोन्ही करडे रंग बदलले. आधीचे करडे किंचित पिवळसर, उबदार होते. नवे निळसर झाक असलेले. मोठे झालेले चाहते तेव्हा जाम चिडले होते, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. वीस वर्षं जमवलेल्या करड्या ढिगात नवा तुकडा ठेवला की ठिगळ दिसायचं. फाल्कन २००७ चं, म्हणजे नव्या करड्यातलं. त्यामुळे त्याचे नेहमीचे तुकडे आजही कारखान्यातून येतात. पण 'स्टार वॉर्स'मधलंच दुसरं यान, २००२ चं इम्पीरियल स्टार डिस्ट्रॉयर, क्रमांक १००३०, तुकडे ३,०९६, हे जुन्या करड्यातलं. ते जसंच्या तसं बांधायचं तर जुन्या साठ्यावरच भिस्त, आणि तो साठा वाढणार नाही. बहुतेक लोक ते नव्या करड्यात बांधतात आणि छान दिसतं. तेव्हा कोणतं यान घ्यायचं हे ठरवताना आधी त्याचं साल बघा.

आणखी एक. पार्सल आलं की रंग दिवसाउजेडी तपासा. ट्यूबलाइटखाली जुना आणि नवा करडा सख्ख्या भावांसारखे दिसतात. वापरलेले तुकडे घेतले असतील तर पिवळेपणाही उजेडातच कळतो. उन्हाने हे प्लास्टिक पिवळं पडतं. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन यांनी ते पुन्हा उजळणारे लोक आहेत. पण पाच हजार तुकड्यांवर हा प्रयोग करायचा का, याचा विचार घरच्यांना विचारून करा. नुसती धूळ असेल तर साबणाचं कोमट पाणी पुरतं, ४० अंशांच्या आतलं.

क्रमांकांबद्दल थोडं. तुकड्याच्या पोटात जो बारीक आकडा कोरलेला असतो तो आकाराचा क्रमांक. दोन बाय चारचा ठोकळा ३००१, एक बाय दोनची प्लेट ३०२३. लेगोचा स्वतःचा आणखी एक क्रमांक असतो, ज्यात रंगही येतो: लाल रंगाच्या त्याच ठोकळ्याचा ३००१२१. यात शेवटचे २१ म्हणजे लाल. पुढे ही सोपी पद्धत मागे पडली आणि सात आकडी क्रमांक आले, ज्यांवरून काहीच ओळखू येत नाही. रंगांच्या नावांचा तर गोंधळच. लेगो ज्याला मीडियम स्टोन ग्रे म्हणते, त्यालाच ब्रिकलिंकवर लाइट ब्लूइश ग्रे म्हणतात. यादी एका ठिकाणची आणि खरेदी दुसऱ्या ठिकाणी असेल तर ही दोन नावं जवळ लिहून ठेवा.

साचेही बदलतात. चिमटा असलेली एक बाय एकची छोटी प्लेट बघा. जुनी ४०८५, तिच्यातही दोन-चार प्रकार, मग आली ६०८९७. मधोमध एकच स्टड असलेली एक बाय दोनची प्लेट आधी ३७९४ होती, आता १५५७३. विकणारे हे प्रकार वेगवेगळे दाखवतात आणि जुना प्रकार महाग असतो. इथे माझं मत स्पष्ट आहे. जोडणीत फरक पडत नसेल तर नवा, स्वस्त प्रकार घ्या. यानाच्या पोटात लेगोच्याच 'टेक्निक' या प्रकारातल्या भोकांच्या दांड्यांचा सांगाडा आहे, ज्यावर सगळा भार येतो. तिथे तुकडा कोणत्या रंगाचा आहे हे एकदा वरची आवरणं बसली की देवालाही दिसत नाही. निळा असो, लाल असो, घाला बिनधास्त. पण लांबी आणि मजबुती यांत तडजोड नको. वरच्या कातडीवर मात्र रंग काटेकोर पाहिजे. काही मंडळी म्हणतात की एक जरी तुकडा बदलला तर ते १०१७९ राहत नाही. त्यांना माझा नमस्कार. विकताना तुम्ही 'मूळ सेट' म्हणून विकलंत तर ती लबाडी आहे. घरात ठेवायचं असेल तर तुमचं यान, तुमचा निर्णय.

नकली तुकड्यांचं विचारतील म्हणून आधीच सांगतो. चीनमधल्या लेपिन या लेगोची नक्कल करणाऱ्या कंपनीने हे फाल्कनसुद्धा नकलून विकलं होतं. २०१९ मध्ये पोलिसांनी त्यांच्यावर धाड घातली आणि पुढच्या वर्षी शांघायच्या न्यायालयाने सूत्रधाराला तुरुंगवास ठोठावला. कायदा बाजूला ठेवला तरी वजनदार यानात सैल पकडीचे तुकडे मला नको वाटतात. लेगोचे दोन स्टड आठ मिलिमीटरवर असतात आणि १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. ही अचूकता आहे म्हणून तर वीस वेगवेगळ्या देशांतून आलेले तुकडे एकमेकांत बसण्याची खात्री धरता येते.

एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. १९७७ च्या मूळ 'स्टार वॉर्स' चित्रपटासाठी जे फाल्कन बनवलं गेलं, सुमारे पाच फुटांचं, तेही सुट्या भागांचंच होतं! इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या, चित्रपटाची दृश्यकरामत करणाऱ्या कंपनीच्या कारागिरांनी दुकानात मिळणारी रणगाडे, मोटारी, विमानं यांची प्लास्टिक मॉडेल्स आणली, फोडली आणि त्यांचे भाग यानाच्या पाठीवर चिकटवले. यानाच्या अंगावरची जी यंत्रं आपण भक्तिभावाने बघतो त्यांतली कित्येक रणगाड्याची चाकं आणि मोटारींची इंजिनं आहेत. आज असे लोक आहेत जे जुनी छायाचित्रं भिंगातून तपासून कोणता भाग कोणत्या कंपनीच्या कोणत्या किटमधला ते ओळखतात आणि ती पन्नास वर्षांपूर्वीची किटं शोधत हिंडतात. त्यांच्या वेडापुढे आपली यादी म्हणजे किराणा आहे.

तुकडे आले की वर्गवारी. रंगाप्रमाणे लावू नका. रंग डोळ्यांना लांबूनही सापडतो, आकार सापडत नाही; आणि या यानात तर सगळंच करडं. आकाराप्रमाणे डबे करा. बारीक तुकडे यादीपेक्षा थोडे जास्त मागवा, कारण लेगो खोक्यात काही चिल्लर जादा टाकते, सुटी खरेदी करताना ती सोय नसते. एक बाय एकची एक प्लेट कमी पडली की तिच्या किमतीच्या पन्नास पट टपाल भरून ती मागवावी लागते.

मागच्या रांगेतून प्रश्न आला आहे की २०१७ मध्ये लेगोने नवं फाल्कन काढलं, ७५१९२, ७,५४१ तुकड्यांचं, मग हा खटाटोप कशाला? प्रश्न बरोबर आहे. नुसतं भव्य फाल्कन हवं असेल तर ते नवंच घ्यावं, रचना जास्त सुधारलेली आहे. नवं आल्यावर जुन्याचा भावही उतरला. पण तुम्हाला २००७ चं, त्या वेळच्या आरेखकांनी सोडवलेलं कोडं हाताने सोडवायचं असेल, तर नव्याने ते होत नाही. आणि नव्याचा एक आडून फायदा असा की त्याच्यामुळे करड्या तुकड्यांचा पुरवठा वाढला.

दुसरा प्रश्न: इथे पुण्यात बसून हे जमतं का? जमतं, पण गणित बदलतं. आपल्याकडे खेळणी आणि त्यांचे सुटे भाग यांवरची मूळ सीमाशुल्काची ड्यूटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ मध्ये ७०. त्यामुळे परदेशी दुकानदाराच्या यादीतला भाव बघून हुरळू नका. आधी स्वतःकडचे जुने सेट मोजा. यादीशी ताडून तुमच्याकडे किती तुकडे आधीच आहेत ते सांगणाऱ्या सोयी इंटरनेटवर आहेत. त्यानंतर जी दुर्मीळ वीस-पंचवीस नावं उरतील ती एखाद्या मोठ्या दुकानातून एकाच पार्सलने मागवा, आणि साध्या प्लेटांसाठी भारतातच सेट फोडून विकणारे जे हौशी लोक आहेत त्यांच्याशी ओळख वाढवा. ते सहसा अदलाबदलीला तयार असतात, विशेषतः तुमच्याकडे त्यांना हवी ती माणसं असतील तर.