वॉट वाढवण्याआधी

नमस्कार श्रोतेहो. १ जून २०२५ पासून ब्रिटनमध्ये एकदा वापरून फेकायचे वेप, म्हणजे ई-सिगारेटी, विकायला बंदी आली. सिगारेट सुटावी म्हणून ज्यांनी ते रंगीबेरंगी वेप धरले होते, त्यांच्या हातात आता पुन्हा पुन्हा भरायचं यंत्र आलंय. जुन्याला बहुधा बटणसुद्धा नव्हतं, ओढलं की चालू. नव्यातल्या बऱ्याच यंत्रांना छोटा पडदा असतो, पडद्यावर आकडा असतो आणि तो कमी-जास्त करायची बटणं. मी फार्मसीत काउंटरमागे उभी असते. तिथे आपले मराठी लोक आले की आधी इकडची तिकडची चौकशी होते, मग आवाज जरा खाली येतो आणि प्रश्न येतो, "ताई, हे किती वॉटवर ठेवायचं?"

उत्तराआधी एक सांगते. आजचं बोलणं फक्त सिगारेट ओढणाऱ्यांसाठी आणि नुकती सोडलेल्यांसाठी आहे. एनएचएसचं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, म्हणणं स्पष्ट आहे: वेप सिगारेटपेक्षा बराच कमी घातक, पण निर्धोक नव्हे. जो ओढतच नाही त्यानं याच्या वाटेला जाऊ नये. अठराच्या आतल्यांना तर ते विकताच येत नाही.

आता यंत्राच्या पोटात काय आहे ते बघू. बारीक तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल, आणि तिला बिलगून कापूस. समईची वात तेल शोषून वर आणते तसा हा कापूस लिक्विड, म्हणजे टाकीत भरलेलं निकोटिनचं द्रव, ओढून तारेपर्यंत नेतो. समईतलं तेल संपलं की वातच जळायला लागते, इथेही तेच. वॉट म्हणजे तार दर सेकंदाला किती ऊर्जा घेते. कापूस जितक्या वेगानं लिक्विड पुरवतो त्यापेक्षा तार जास्त वेगानं त्याची वाफ करायला लागली, की कापूस करपतो. घशात असा काही जळका ठसका बसतो की विचारू नका. याला कोरडा झुरका म्हणतात आणि ज्यानं एकदा घेतला तो विसरत नाही.

म्हणून पहिला आकडा पडद्यावर शोधायचाच नाही, तो कॉइलवर कोरलेला असतो. चष्मा लावा आणि वाचा: अमुक ओहम (तारेचा विजेला होणारा विरोध), अमुक ते अमुक वॉट. एक ओहमच्या आसपासच्या कॉइलवर साधारण १० ते १५ वॉट लिहिलेलं सापडेल. अर्ध्या ओहमची कॉइल त्याच्या दुप्पट किंवा आणखी जास्त मागते. हिशोब शाळेतलाच आहे, व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. बॅटरीचे ३.७ व्होल्ट एक ओहमवर लावले तर पावणेचौदा वॉट, अर्ध्या ओहमवर लावले तर साधारण साडेसत्तावीस.

नवीन कॉइल बसवताना कापसाच्या भोकांवर लिक्विडचे चार थेंब सोडा, टाकी भरा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. हे थांबणं कुणाला जमत नाही आणि निम्म्या कॉइली पहिल्याच झुरक्यात जळतात. मग कॉइलवर लिहिलेल्या सगळ्यात कमी वॉटपासून सुरुवात करा. दोन-तीन झुरके घ्या, एक वॉट वाढवा, पुन्हा दोन-तीन. वाफ कोमट आणि चव नीट लागली की थांबा. घसा कोरडा पडायला लागला किंवा चव करपट आली, तर एक-दोन वॉट खाली या. टाकी तळाला गेली असेल तर आधी ती भरा, कारण त्या वेळी दोष आकड्याचा नसतो.

हा चटका नुसता चवीचा प्रश्न नाही. २०१५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक पत्र छापलं. ३.३ व्होल्टला वाफेत फॉर्मल्डिहाइड या कर्करोगकारक रसायनाचा अंश सापडला नाही, ५ व्होल्टला भरपूर सापडला. मोठा गहजब झाला. त्याच वर्षी ग्रीसच्या कॉन्स्टँटिनोस फार्सालिनोस यांनी रोज वेप ओढणाऱ्यांनाच बसवून दाखवून दिलं, की असली घातक रसायनं मोठ्या प्रमाणात निघतात ती कोरड्या झुरक्याच्या वेळी, आणि असा झुरका माणूस आपणहून टाळतो. मला दोन्ही बाजू पटतात. जीभ सावध करते हे खरं, पण जिभेला सगळंच कळतं असं मी मानत नाही. कॉइलवरच्या वरच्या आकड्याला चिकटून राहण्यात शहाणपण नाही.

आता खरी अडचण. माणूस येतो आणि म्हणतो, "ओढतोय, पण तलफ जात नाही, म्हणून वॉट वाढवले." मी आधी बाटली मागते. तीवर ३ मिलिग्रॅम लिहिलेलं असतं! दिवसाला पाकीटभर सिगारेटी ओढणाऱ्याला एवढ्याशा निकोटिननं काय होणार? लंडन साऊथ बँक विद्यापीठाच्या लिन डॉकिन्स यांच्या अभ्यासात हेच दिसलं. निकोटिन कमी दिलं की लोक जास्त ओढतात आणि बटण हाताशी असेल तर पॉवरही वाढवतात. म्हणजे वाफ जास्त, लिक्विडचा खर्च जास्त, तलफ मात्र तिथंच. इथल्या कायद्यानं एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपर्यंत निकोटिन चालतं. सिगारेटसारखे घट्ट, छोटे झुरके घेणाऱ्यानं एक ओहमच्या आसपासची कॉइल, कमी वॉट आणि १२ ते २० मिलिग्रॅमचं पातळसर लिक्विड घ्यावं. उलट ५०-६० वॉटच्या यंत्रात २० मिलिग्रॅम कधीच भरू नका, गरगरेल आणि मळमळेल. तिथे ३ ते ६ पुरे. दुकानातली पोरं मोठाले लोट काढून दाखवतात आणि तेच यंत्र गळ्यात मारतात. तो छंद वेगळा, आपल्याला सिगारेट सोडायची आहे.

फार गोड फ्लेवर घेत असाल, तर कॉइल काढून बघा. तारेवर काळी, चिकट साय धरलेली दिसेल. ती गोडी जळून बसलेली असते. मग कुठल्याही वॉटवर चव येत नाही. कॉइल बदला, आकड्याशी झगडू नका.

आणि सुट्टीत मुंबई-पुण्याला निघालात, तर हे यंत्र इथेच घरी ठेवा. भारतात २०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेट आणणं, विकणं, साठवणं सगळ्यावर बंदी आहे. आयात-विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तेवढ्या दिवसांसाठी निकोटिनच्या पट्ट्या किंवा च्युइंगगम बरोबर न्या. किती ताकदीचं घ्यायचं ते निघायच्या आठवडाभर आधी फार्मसीत येऊन विचारा, विमानतळावरून फोन करून नको.