वॉरन डिलानो आणि पायमॉल

(दृश्य: काळा पडदा. 'फेच ४एचएचबी' ही आज्ञा टाइप होते.)

एवढी एक ओळ, आणि प्रोटीन डेटा बँकेतून, म्हणजे प्रथिनांच्या रचनांच्या जाहीर संग्रहातून, रक्तातलं हिमोग्लोबिन समोर हजर. '४एचएचबी' हा त्याचा तिथला क्रमांक. चार साखळ्या, ५७४ अमिनो आम्लं. माउसचं डावं बटण दाबून ओढलं की रेणू फिरतो. आता चाक फिरवूया. पुढचा भाग कापला जातोय, आपण आत शिरतोय. तो चपटा तुकडा दिसतोय ना, ते हीम. त्याच्या मधोमध नारिंगी रंगात लोहाचा एक अणू. श्वासातला ऑक्सिजन इथेच येऊन बसतो.

हे सॉफ्टवेअर आहे पायमॉल. ते लिहिलं वॉरन डिलानो यांनी.

त्यांचा एक पाय संगणकात, दुसरा जीवशास्त्रात. क्ष-किरणांच्या मोजमापांवरून प्रथिनांची रचना शोधणाऱ्या 'सीएनएस' या प्रोग्रामवर त्यांनी काम केलं होतं. प्रथिनं एकमेकांना नेमकी कुठे चिकटतात, याचं संशोधनही केलं होतं. म्हणजे रेणू फिरवून बघायची गरज त्यांची स्वतःचीच होती! त्याआधी, १९९३ मध्ये, रॉजर सेल यांच्या रासमॉल या प्रोग्रामने साध्या संगणकावर रेणू फिरवून दाखवला होता, तोही कोडसकट. डिलानोंनी २००० मध्ये पायमॉल कोडसकट सगळ्यांसाठी खुलं केलं.

(दृश्य: कोडच्या फायली, शेजारी रेणूची खिडकी.)

पायमॉलची बांधणी नीट बघण्यासारखी आहे. चित्र रेखाटण्याचं जड काम डिलानोंनी सी भाषेत लिहिलं, कारण तिथे वेग हवा. आज्ञा मात्र पायथनमध्ये. त्यामुळे अभ्यासक स्वतःची स्क्रिप्ट लिहितो: शंभर रचना उघड, एकमेकींवर बसव, फरक रंगव. मूळ लेखकाची परवानगी मागावी लागत नाही, त्याची वाट बघावी लागत नाही. विज्ञानाची साधनं अशीच हवीत. ज्या उपकरणाचं झाकण उघडता येत नाही, त्याच्या उत्तरावर भरवसा ठेवायचा तरी कसा?

(दृश्य: 'रे' ही आज्ञा. चित्र हळूहळू भरत जातं.)

आता प्रत्येक ठिपक्यासाठी प्रकाशकिरणाचा हिशेब चालू आहे. किरण कुठे आदळला, सावली कुठे पडली. रेणूची खोली दिसू लागली, वळणं उठून आली. शोधनिबंधांतली प्रथिनांची असंख्य चित्रं याच आज्ञेतून निघाली आहेत.

पुढे डिलानोंनी छोटी कंपनी काढली. तयार प्रत वर्गणीदारांना, मूळ कोड सगळ्यांना, अशी वाट त्यांनी निवडली. पगार आणि तत्त्व दोन्ही सांभाळणारी.

(दृश्य: डिलानो यांचं छायाचित्र.)

३ नोव्हेंबर २००९ रोजी ते गेले. वय ३७.

(दृश्य: गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावरचं पायमॉलचं पान.)

२०१० मध्ये श्रोडिंगर कंपनीने पायमॉलची जबाबदारी घेतली. खुली आवृत्तीही चालू राहिली. तिचा कोड उतरवून घ्या, कंपाइल करा, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्राम बनवा, आणि हवा तो बदल करून बघा.