मच्छिंद्रनाथांचा रथ आणि नेपाळचं हिंदूपण

आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ आणि मग ज्ञानदेव. ही गुरुपरंपरा इथं बसलेल्या अनेकांना तोंडपाठ असेल. ज्यांच्या घरी नवनाथांच्या पोथीचं पारायण होतं, त्यांना तर मच्छिंद्रनाथ घरातल्या वडीलधाऱ्यांसारखे ओळखीचे. नगर-बीडच्या सीमेवरच्या डोंगरात, मायंब्याला, त्यांची समाधी मानतात आणि तिथं आपण माथा टेकून येतो.

हेच मच्छिंद्रनाथ काठमांडूच्या खोऱ्यातल्या पाटण शहरात दर वर्षी वैशाखात रथात बसतात. मूर्ती लाल, म्हणून नाव रातो मच्छिंद्रनाथ. आपल्या रातांब्यातला जो 'राता', तोच हा 'रातो'. रथाची उंची सुमारे 60 फूट. मागून मीननाथांचा धाकटा रथ निघतो. मीननाथ म्हणजे पोथीतले मच्छिंद्रांचे पुत्र, हे पोथी वाचणाऱ्यांना मी सांगायला नको. आणि या लाल मूर्तीची पूजा करणारे पांजू पुजारी बौद्ध आहेत.

हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रथाशेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांना विचारलं, की हा देव हिंदूंचा की बौद्धांचा? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाऊस कोणाचा असतो?" तेवढं बोलून ते पुन्हा दोरखंडाकडे वळले. आजचं माझं सगळं बोलणं त्या प्रश्नाभोवतीच फिरणार आहे.

माझी पिढी एक वाक्य ऐकत मोठी झाली: नेपाळ हे जगातलं एकमेव हिंदू राष्ट्र. हे वाक्य आपण इतक्या अभिमानानं म्हणत आलो, की त्यापलीकडचा नेपाळ बघायचं राहूनच गेलं. 2021 च्या जनगणनेत तिथले 81.19 टक्के लोक हिंदू आहेत, 8.21 टक्के बौद्ध. पण जनगणनेच्या कागदावर एकाच चौकटीत खूण करावी लागते. काठमांडू खोऱ्यातल्या नेवार समाजात या बाबतीत विचारायचा जुना प्रश्न निराळाच आहे: तुमच्या घरी पुरोहित कोण येतो? ब्राह्मण, म्हणजे देवभाजू, येत असेल तर तुम्ही शिवमार्गी. वज्राचार्य, म्हणजे गुभाजू, येत असेल तर बुद्धमार्गी. देव बहुतेक तेच, सण तेच, जत्रा तीच. फरक मार्गाचा, आणि मार्ग हा शब्द मला फार आवडतो, कारण मार्गावरून चालणारी माणसं एकाच गावाला पोचू शकतात.

मच्छिंद्रनाथांची तिथली कथा ऐका. गोरखनाथ या खोऱ्यात आले, त्यांचा यथोचित मान राहिला नाही, म्हणून ते नऊ नागांना आसनाखाली दाबून ध्यानाला बसले. नाग अडकले, पाऊस थांबला. बारा वर्षं दुष्काळ. (शिराळ्याची नागपंचमीसुद्धा गोरक्षनाथांशीच जोडलेली आहे. नाथ आणि नाग ही जोडी दोन्हीकडे आहे.) गोरखनाथांना उठवायचं कसं? गुरू समोर आले तरच ते उठतील. तेव्हा राजा नरेंद्रदेव, बंधुदत्त नावाचे बौद्ध आचार्य आणि ललित नावाचा एक ज्यापू, म्हणजे शेतकरी, असे तिघं थेट कामरूपला, आजच्या आसामात, गेले. बंधुदत्तांच्या मंत्रानं देव भुंग्याच्या रूपात कलशात आला. कलश खोऱ्यात पोचला, गोरखनाथ गुरूंना नमस्कार करायला उठून उभे राहिले, नाग सुटले आणि पाऊस आला.

या कथेत देव आणायला कोण गेलं ते पाहा. राजा, आचार्य आणि शेतकरी. तिघांपैकी एक जरी कमी असता, तरी देव आला नसता असं कथा सांगते. बौद्ध लोक या देवाला करुणामय म्हणतात, अवलोकितेश्वर किंवा लोकेश्वर म्हणतात. त्यांच्या वंशावळीत, म्हणजे बखरीत, अशी कथा आहे की योग मुळात लोकेश्वरानं शंकराला शिकवला, शंकर तो समुद्रकाठी पार्वतीला सांगत असताना लोकेश्वरानं माशाच्या रूपात ऐकला, म्हणून तो मत्स्येंद्र. आपल्या पोथीत शंकराचा उपदेश माशाच्या पोटातला जीव ऐकतो. समुद्र तोच, मासा तोच. गुरू कोण आणि शिष्य कोण, एवढंच उलटं. आणि गावातल्या साध्या नेवार माणसाला यातलं काहीच लागत नाही. तो म्हणतो बुंगद्यः, बुंगमती गावचा देव. वर्षातले काही महिने तो बुंगमतीला राहतो आणि काही महिने पाटणला.

आता रथ. मी तिथं काही दिवस नुसता रथ बांधताना बघत बसलो होतो. पाटणमधल्या पुलचोकला तो उभा राहतो. लाकडाचं काम बाराही करतात, वेताचं आणि दोरखंडांचं काम यंगवाल करतात, आणि ही कामं पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरांत चालत आली आहेत. वरचा उंच डोलारा वेतानं आवळून बांधतात. चाकांवर मोठाले डोळे रंगवलेले. शेकडो माणसं दोर ओढतात तेव्हा तो डोलारा झुलतो, कधी कलतो, आणि गच्च्यांवर बसलेल्या बायकांच्या तोंडून एकदम हाय निघते. एक दिवस असा असतो की रथ फक्त बायका ओढतात. वाट संपते जावळाखेलला. तोवर भाताच्या लावणीचे दिवस आलेले असतात. ज्यापूंच्या घरांत रथाची आणि पेरणीची अशी दोन पंचांगं नाहीत, एकच आहे.

हे सगळं चालवतं कोण? त्यासाठी एक शब्द समजून घ्यावा लागतो, गुथी. मूळ संस्कृत गोष्ठी. एखाद्या देवळासाठी, जत्रेसाठी, धर्मशाळेसाठी किंवा अंत्यसंस्कारासाठी एकत्र आलेल्या घरांचा गट आणि त्याला लावून दिलेली जमीन. जमिनीच्या उत्पन्नातून दिवाबत्ती, नैवेद्य, डागडुजी, वाजंत्री, भोजन. कोणत्या घरानं तेल आणायचं, कोणी वाती वळायच्या, मयताला खांदा कोणी द्यायचा, सगळं ठरलेलं. 1964 मध्ये सरकारनं गुथी संस्थान काढून बऱ्याच जमिनी आपल्या कारभाराखाली घेतल्या आणि कित्येक जत्रांचं उत्पन्न आटलं. 2019 मध्ये गुथींबद्दल नवं विधेयक आलं, तेव्हा ढोल-बाजे घेऊन हजारो नेवार रस्त्यावर उतरले आणि सरकारला ते मागं घ्यावं लागलं. त्या गर्दीत शिवमार्गी होते, बुद्धमार्गी होते, आणि देवळात कधी न जाणारी तरुण मुलंही होती. मला तर वाटतं, गेल्या वीस वर्षांत नेपाळातल्या धर्माबद्दल काही महत्त्वाचं घडलं असेल, तर ते त्या दिवशी.

पण मी फक्त रथच दाखवला तर तुम्हाला फसवल्यासारखं होईल. नेपाळच्या हिंदूपणाला दुसरी बाजू आहे आणि ती दुखरी आहे.

पृथ्वीनारायण शाह हे गोरखा राज्याचे राजे. त्या गावाचं नावच गोरखनाथांवरून पडलेलं. 1768 मध्ये काठमांडूत इंद्रजात्रा चालू असताना त्यांचं सैन्य शहरात शिरलं. परंपरा सांगते की राजानं कुमारीकडून टिळा लावून घेतला आणि जत्रा पुढे चालू झाली. कुमारी म्हणजे तलेजू भवानीचं जिवंत रूप मानलेली लहान मुलगी, आणि ती निवडली जाते बौद्ध शाक्य घरांतून. तलेजूचं नाव ऐकून आपल्याला तुळजा आठवतेच, पण तो धागा आज सोडून देतो. पृथ्वीनारायणांच्या नावानं सांगितल्या जाणाऱ्या उपदेशात आपलं राज्य 'असली हिंदुस्थान' आहे असं म्हटलंय आणि ते चार वर्ण छत्तीस जातींची फुलबाग आहे, असंही. फुलबाग हा शब्द फार सुंदर आहे. मात्र 1854 मध्ये पंतप्रधान जंगबहादुर राणांनी मुलुकी ऐन हा कायदा केला, तेव्हा त्या बागेत कुंपणं उभी राहिली.

त्या कायद्यानं देशातल्या प्रत्येक समाजाला एका शिडीवर बसवलं. सगळ्यात वर तागाधारी, म्हणजे जानवं घालणारे. खाली मतवाली, म्हणजे दारू पिणारे. त्यातही दोन भाग, ज्यांना गुलाम करता येत नाही ते आणि ज्यांना करता येतं ते. त्याखाली ज्यांच्या हातचं पाणी चालत नाही ते. त्यातही पुन्हा ज्यांना शिवल्यावर शुद्धीचं पाणी शिंपडावं लागतं ते शेवटच्या पायरीवर. तामांगांसारख्या डोंगरी बौद्ध समाजांनाही, आपणहून कधी न मागितलेली, हिंदू शिडीवरची जागा मिळाली. एकाच गुन्ह्याला जातीप्रमाणे वेगळी शिक्षा. हा कायदा शंभराहून अधिक वर्षं टिकला. 1963 च्या नव्या मुलुकी ऐनात ही उतरंड गेली. पण त्याच्याच आदल्या वर्षीच्या राज्यघटनेत नेपाळला हिंदू राज्य म्हटलं गेलं.

म्हणूनच 1990 नंतर काही जनजातींच्या चळवळींनी दसरा, त्यांच्या भाषेत दशैं, साजरा करू नका अशी हाक दिली. आपल्याला धक्का बसतो. दशैं म्हणजे तिथला सगळ्यात मोठा सण: घटस्थापनेला पेरलेली जमरा, म्हणजे जवाचे कोवळे अंकुर, विजयादशमीला थोरांच्या हातून कपाळावर तांदूळ-दही-कुंकवाची जाड टीका, आणि कोजागिरीपर्यंत नातेवाइकांकडे जाणं-येणं. पण ज्यांच्या आजोबांना ही टीका राजाच्या माणसासमोर मान तुकवून घ्यावी लागली, त्यांना तो सण विजयाचा वाटेल, पण कोणाच्या? हा त्यांचा प्रश्न खरा आहे. मी हिंदू म्हणून तो ऐकून घेतो आणि त्यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही.

2006 च्या मे महिन्यात नेपाळच्या संसदेनं देश धर्मनिरपेक्ष असल्याचं जाहीर केलं, 2008 मध्ये राजेशाही संपली. 2015 च्या घटनेत धर्मनिरपेक्ष हा शब्द राहिला, पण त्याच्या अर्थात सनातन काळापासून चालत आलेल्या धर्मसंस्कृतीचं रक्षणही घातलं गेलं. गाय राष्ट्रीय प्राणी राहिली. कुमारीपुढे राजाऐवजी राष्ट्रपती मान लववू लागले. हिंदू राष्ट्र परत आणा, अशी मागणी आजही होते आणि आपल्याकडचे अनेक जण ती आपुलकीनं उचलून धरतात. मला एवढंच म्हणायचंय की रथ ओढणाऱ्यांचा हिंदू धर्म 1962 च्या घटनेनं आणलेला नव्हता, म्हणून तो 2006 च्या ठरावानं गेलाही नाही. आणि शिडी मात्र राज्यानंच कायद्यात लिहिली होती. गुथीतसुद्धा जात आहे, हेही मी झाकणार नाही. 'द्यःला' नावाच्या ज्या नेवार जातीच्या हातचं पाणी शहर पीत नव्हतं, त्यांच्याच हाती शहराबाहेरच्या मातृकांच्या पीठांची राखण होती. एकाच समाजानं एकाच माणसाला अस्पृश्यही ठरवलं आणि देवीच्या उंबऱ्यावरही बसवलं. हे कसं जमलं, याचा विचार करताना मला आपल्याकडची कितीतरी देवस्थानं आठवतात.

एक गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपली हरतालिका आणि नेपाळची तीज एकाच दिवशी, भाद्रपद शुद्ध तृतीयेला. आदल्या रात्री माहेरी 'दर' म्हणजे भरपेट जेवण, दुसऱ्या दिवशी कडक उपास, लाल साड्या नेसून पशुपतिनाथाच्या आवारात हजारो बायका नाचतात. नवऱ्याच्या आयुष्यासाठी उपास, हे आपल्या ओळखीचं. पण त्या दिवसाची गाणी ऐका. सासूचा जाच, दारुड्या नवरा, दूर दिलेली लेक, आणि अलीकडे तर पुढारी आणि महागाईसुद्धा. जात्यावरच्या ओव्यांत आपल्या आज्या जे बोलल्या, तेच तिथं भर चौकात, देवाच्या दारात गायलं जातं. व्रतानं तोंड बांधलं आणि त्याच व्रतानं ते उघडलंही.

शेवटी पुन्हा रथाकडे येतो. दर बारा वर्षांनी हा रथ पाटणला न बांधता बुंगमतीला बांधतात आणि तिथून पाटणपर्यंत ओढत नेतात. 2015 हे असं बारावं वर्ष होतं. 25 एप्रिलला 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला, सुमारे नऊ हजार माणसं गेली, बुंगमतीचं मच्छिंद्रनाथांचं देऊळ कोसळलं आणि निघालेला रथ वाटेतच अडला. घरं पडलेली, लोक तंबूत, आणि रस्त्यात तो रथ तसाच उभा. काही महिन्यांनी, ज्यांची स्वतःची घरं अजून उभी राहिली नव्हती, त्यांनीच तो पुन्हा ओढायला घेतला.

जत्रा संपते भोटोजात्रेनं. भोटो म्हणजे बंडी. एका ज्यापूनं कर्कोटक नागाच्या राणीचे डोळे बरे केले, नागानं त्याला रत्नजडित बंडी दिली, ती चोरीला गेली, पुढे एक भूत ती अंगात घालून जत्रेत आलं आणि भांडण लागलं. ती नेमकी कोणाची, हे ठरेना. म्हणून ठरलं की पुरावा मिळेपर्यंत ती मच्छिंद्रनाथांकडे ठेवायची. तेव्हापासून दर वर्षी जावळाखेलच्या मैदानात, राष्ट्रपतींसमोर, रथावरून ती काळी बंडी चारी बाजूंना उलगडून दाखवतात. लाखभर डोळे वर लागलेले असतात. ज्याची असेल त्यानं पुरावा घेऊन पुढे यावं. कोणी येत नाही. मग बंडीची घडी होते आणि ती पुन्हा देवाजवळ ठेवली जाते.