सुंभाचा पीळ

(दृश्य: सकाळ. परसात सोडणांचा ढीग, मागे न्हाणीचा धूर.)

नारळ सोलला की खोबरं स्वयंपाकघरात जातं आणि वरची तंतुमय साल, म्हणजे सोडण, न्हाणीच्या चुलीत. कोकणात आंघोळीचं पाणी कित्येक घरी आजही असंच तापतं. मला मात्र त्या चुलीत दरवेळी सुंभाची, म्हणजे काथ्याच्या दोरीची, भेंडोळी जळताना दिसतात.

एक सोडण हातात घेऊन फाडून बघा. तंतू करकरत सुटतात, बोटांना तपकिरी भुसा चिकटतो. सोडणात तंतू जेमतेम तिसरा हिस्सा. बाकीचा हा भुसा, आता कोकोपीट म्हणून नर्सरीत जातो. तंतूंना जखडून ठेवणारं पेक्टिन सुटावं म्हणून हिरव्या नारळाची सोडणं खाडीच्या मचूळ पाण्यात सहा ते दहा महिने कुजत घालतात. भरती-ओहोटीचं पाणी खेळतं, जिवाणू आपलं काम करतात. बाहेर काढताना नाक धरावं लागतं. पण झोडपून, धुऊन, वाळवलं की हाती येतो सोनेरी, मऊ काथ्या. पिकल्या नारळाचं सोडण थोडं भिजवून यंत्राच्या दात्यांखाली घातलं, तर निघतो तपकिरी आणि राठ. त्यातले लांब, ताठ केस ब्रशला, आखूड गादीला.

(दृश्य: अंगण. काथ्याचं सूत कातायचा रहाट फिरतोय.)

आता हे हात बघा. ओच्यात काथ्या, टोक रहाटाच्या आकड्याला. रहाट फिरतो आणि बाई उलट्या पावलांनी मागे मागे जाते. प्रत्येक पावलाला बोटं नवे तंतू सोडतात. जास्त सुटले तर गाठीसारखा फुगवटा, कमी पडले तर सूत तिथेच तुटणार. वीतभराचे तंतू, ना गाठ ना डिंक, तरी अंगणभर लांब सूत. पीळ बसला की तंतू एकमेकांवर घट्ट दाबले जातात आणि घर्षणानं धरून राहतात.

कापसाचंही तेच. त्याचा तंतू तर अडीच-तीन सेंटिमीटरचा. पिंजायचा, पेळू करायचा, ओढत ओढत बारीक करून पीळ द्यायचा. विंचरून आखूड तंतू काढून टाकले तर सूत गुळगुळीत होतं.

काथ्याचं एकेरी सूत मोकळं सोडलं की उलगडू लागतं. म्हणून दोन पदर घेऊन उलट्या दिशेनं पिळतात. पदर सुटायला बघतात, तेवढा दोघांचा मिळून बसलेला पीळ आवळतो. सुंभ जळेल, पण पीळ जळणार नाही, हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. किती आवळून पिळलं, किती जाड ठेवलं, यावर सुताची जात ठरते. केरळात या जातींना गावांची नावं आहेत: अंजेंगो, वैकोम, बेपूर. तसं एखादं सूत आपल्या वेंगुर्ल्याच्या नावानं ओळखलं जावं, असं मला फार वाटतं.

(दृश्य: कारवारचा किनारा.)

२१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात एक शिडाचं जहाज दाखल झालं, ‘कौंडिण्य’. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून बांधलेलं. त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवल्या आहेत. खारं पाणी लोखंडाला गंज चढवतं, काथ्या त्यात वर्षानुवर्षं टिकतो. लाटेचा मार बसला की ही शिवण जराशी लवते आणि परत जागेवर येते.